रॉकेट उडवायला शिकवतो, उतरवायला कधी शिकवणार?



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की शिरूर-दौंडच्या शाळांत पाण्याच्या बाटलीची रॉकेटं उडतात, टाळ्या पडतात. पण वर गेलेलं रॉकेट खाली कसं आलं, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते खरा पाठ तिथेच आहे.

रॉकेट पुन्हा वापरायचं तर ते धडधाकट परत यायला हवं. अमेरिकेच्या फाल्कन 9 चा पहिला टप्पा डिसेंबर 2015 मध्ये प्रथमच जमिनीवर उभा उतरला. यात अवघड काय? उतरताना इंधन संपत आलेलं असतं, त्यामुळे रॉकेट हलकं झालेलं असतं. नऊपैकी एकच इंजिन अगदी कमी जोरावर चालवलं, तरी ते रॉकेटला पुन्हा वर ढकलतं. त्यामुळे हवेत थांबून जागा शोधायची सोयच नाही. वेग शून्य होणं आणि जमिनीला टेकणं, दोन्ही एकाच क्षणी व्हायला हवं. दौंड जंक्शनच्या मुलांना हे पटकन कळेल: गाडी फलाटावर नेमकी थांबवायची तर ब्रेक कुठे लावायचा, हे आधीच ठरवावं लागतं.

आपल्या इस्रोने वेगळी वाट धरली आहे. पंख असलेलं 'पुष्पक' यान 23 जून 2024 रोजी कर्नाटकात चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं. मुद्दाम 500 मीटर बाजूला सोडूनही ते आपलं आपण धावपट्टीवर आलं. टेकताना वेग ताशी 320 किलोमीटरहून जास्त होता. आधी पॅराशूटने तो सुमारे 100 वर आणला, मग चाकांचे ब्रेक लागले.

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेत एवढं साहित्य कुठून आणायचं? एक खडू, जुनी कॅरीबॅग, दोरा आणि पुठ्ठा पुरे. मैदानावर एक वर्तुळ आखा. शिक्षकांनी वरच्या मजल्यावरून सोडलेला खडू न तुटता त्या वर्तुळात उतरला पाहिजे. पहिले चार-पाच खडू तुटतीलच. प्रत्येक वेळी काय बदललं, ते मुलांनी वहीत लिहावं.

आणि गुण त्या वहीला द्या, विकत आणलेल्या चकचकीत मॉडेलला नको. 2019 मध्ये चांद्रयान-2 चा लँडर चंद्रावर आदळला. त्याच चुका तपासून 2023 मध्ये चांद्रयान-3 अलगद उतरलं. आपण मात्र पहिल्याच तुटलेल्या खडूला मुलाचे गुण कापतो. मग दुसरा प्रयत्न तो कशाला करेल?

पालकहो, यंदा मुलाला "नंबर आला का?" असं विचारू नका. "किती खडू तुटले आणि का?" एवढंच विचारा.