एक लाख युरोंच्या वर

सायप्रसच्या बँका मार्च २०१३मध्ये जवळजवळ दोन आठवडे बंद होत्या. उघडल्या तेव्हा माणशी दिवसाला ३०० युरोच मिळत. ग्रीसच्या कर्जरोख्यांत हात पोळलेल्या ‘लायकी’ बँकेला टाळं लागलं. ‘बँक ऑफ सायप्रस’मध्ये एक लाख युरोंवरच्या, विमा नसलेल्या ठेवींपैकी ४७.५ टक्के रकमेचे शेवटी शेअर झाले. म्हणजे ठेवीदार भागधारक झाला, तोही न विचारता!

हा अंक या छोट्या देशाच्या बँकांवर आहे. आपल्याकडे २०२०पासून ठेवविमा पाच लाखांपर्यंत मिळतो. त्यावरच्या रकमेचं काय, हा प्रश्न सहकारी बँकेत निवृत्तीची पुंजी ठेवणाऱ्या आमच्या वाचकांना नवा नाही. रशियन ठेवींच्या सुरस कथा आम्ही मुद्दाम बाजूला ठेवल्या. भर दिला आहे तो एका विचित्र आठवड्यावर: लहान ठेवींवरही ६.७५ टक्के कर बसवायचं ठरतं, आणि संसदेत त्या प्रस्तावाला एकही मत मिळत नाही. लहान ठेवीदार वाचला तो इथे, असं आम्हाला वाटतं. तुमचं मत वेगळं असेल, किंवा तुमचेच पैसे कधी बँकेत अडकले असतील, तर सविस्तर लिहा.