पावसातला कॅमेरा

कॅमेरा म्हणजे श्रीमंतांची हौस, असे आपण समजत आलो. परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाच्या नोंदीसाठी शेतकऱ्याला बांधावरून मोबाईलवर फोटो काढावा लागू लागला. खरिपाचा फोटो काढायचा तो ऐन पावसाळ्यात, राणीसावरगावच्या काळ्या चिखलात उभे राहून! नोंद राहिली, तर शेतात डोलणारे पीक कागदावर दिसत नाही.

घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. म्हणून हे काम माझ्याकडे. उपाय साधाच आहे. मोबाईल पारदर्शक पिशवीत घालावा, भिंगापुरते भोक ठेवून पिशवी रबराने आवळावी, दुसऱ्याने छत्री धरावी. भिजलाच तर बंद करून पुसावा, वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये. मित्रहो, एवढे शेजारच्या बांधावर जाऊन आपण सांगणार नसू, तर आपल्या शिक्षणाचा गावाला उपयोग काय?