पोच दे!

महामारी संपली म्हणतात. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं जगाची आणीबाणी उठवली. थाळ्या वाजवणारे केव्हाच आपापल्या धंद्याला लागले होते. पण आमच्या बीड जिल्ह्यात ती महामारी एका जागी अजून जिवंत आहे. कॉलेजच्या हापिसातल्या लोखंडी कपाटात. कपाटाला कुलूप आहे, किल्ली बाबूच्या खिशात आहे, आणि आत आमच्या लेकरांच्या टीस्या आहेत, मार्कमेमो आहेत. का अडवलं म्हणून विचारा. उत्तर ठरलेलं : "तुमची दोन हजार वीस-एकवीसची बाकी आहे."

बाकी? कुणाची? कुणाकडं?

दोस्तांनो, मला या एका शब्दाचं सालटं काढायचं आहे.

माझ्या मामाची पोरगी केज तालुक्यातली. मामा-मामी कोयत्यावर. मार्च २०२० मध्ये देश बंद झाला तेव्हा दोघं कारखान्याच्या फडात अडकली. महाराष्ट्रातले लाखाहून जास्त ऊसतोड कामगार असेच अडकून पडले होते. त्यांना तपासणी करून गावी जाऊ द्यायचं, हे ठरवायला सरकारला १७ एप्रिल उजाडला. त्यातले बहुतेक कुठले, कुठल्या जातींचे, हे मी सांगायला पाहिजे काय? घरात एकच मोबाईल, तो मामाच्या खिशात, फडात. पोरगी गावात आजीजवळ, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज 'ऑनलाईन' झालं. म्हणजे तिच्यापुरतं कॉलेज बंद झालं.

पुढच्या साली तिनं शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. तालुक्याला जाऊन, नेट कॅफेवाल्याला पैसे देऊन भरला. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला गेला आणि तिथंच मेला. बाबूनं पुढं ढकललाच नाही. हापीस बंद होतं म्हणे. शिष्यवृत्ती आली नाही. पोरगी मात्र पास झाली, २०२१ साली. बी.एड.ला जायचं म्हणून टीसी मागायला गेली तर म्हणाले, आधी फी भर. अर्ज अडवला त्यांनी, बाकी निघाली तिच्यावर! त्या सालापासून ती दर दसऱ्यानंतर आईबापासोबत फडात जाते. पदवीधर कोयता.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं तर तुम्ही म्हणाल तेवढं एकच कॉलेज हरामखोर आहे, बाकीची गंगेत न्हालेली आहेत.

आमच्याकडं मुकादम उचल देतो आणि माणूस बांधून घेतो. वाईट आहे, शोषण आहे, पण निदान नोटा हातात पडतात. या शिक्षणातल्या मुकादमांनी काय दिलं? वर्ग बंद होते. प्रयोगशाळेला जाळी लागलेली. वाचनालयाला कुलूप. उचल न देता बांधून घेणारा मुकादम आमच्या बापजाद्यांनीसुद्धा पाहिला नव्हता. तो शिक्षणसम्राटांनी दाखवला.

आता कायद्याचं बोलू. मी दहावी पास. मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो. मी वकील नाही. पण मला जे वाचता आलं ते तुम्हा बी.ए., एम.ए.वाल्यांना का वाचता येऊ नये?

पहिली गोष्ट. ६ जुलै २०२० ला यूजीसीनं शेवटच्या वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्या म्हणून सांगितलं. महाराष्ट्र सरकार नको म्हणत होतं. भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. २८ ऑगस्ट २०२० ला कोर्ट म्हणालं : परीक्षेशिवाय पदवी नाही, राज्याला तारीख पुढं ढकलून मागता येईल. ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण त्याच यूजीसीच्या कागदात आणखी एक ओळ होती, ती कुणी वाचून दाखवली नाही. ज्याला कुठल्याही कारणानं परीक्षेला बसता आलं नाही, त्याला खास परीक्षेची संधी द्यावी, ही ती ओळ. कुठल्याही कारणानं! मोबाईल नव्हता हे कारण. रेंज नव्हती हे कारण. फडात होतो हे कारण. किती पोरांना हे कॉलेजच्या फळ्यावर लिहून सांगितलं? ती पोरं 'गैरहजर' म्हणून नापास झाली आणि नशिबाला दोष देत बसली.

दुसरी गोष्ट. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद बघायचे आणि परत द्यायचे. ठेवून घ्यायचे नाहीत. हे यूजीसीनं २०१८ मध्येच बजावलं आहे. आणि कोर्स सोडणाऱ्यांची २०२०-२१ ची फी ३० नोव्हेंबर २०२० पर्यंत पूर्ण परत करायची, असंही सांगितलं होतं. कारण काय, तर टाळेबंदीनं आईबापांची कंबर मोडली म्हणून. म्हणजे आईबापांची कंबर मोडली हे दिल्लीला कळलं होतं. आमच्या तालुक्याच्या संस्थाचालकाला कळलं नाही.

तिसरी गोष्ट. एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीनं विद्यार्थ्यांच्या तक्रारींचे नवे नियम केले. कॉलेजात तक्रार समिती पाहिजे. तिच्यात बाई पाहिजे, आणि अनुसूचित जाती, जमाती नाहीतर ओबीसीचं माणूस पाहिजे. तक्रार आल्यापासून कामाच्या १५ दिवसांत तिनं निकाल द्यायचा. नाही पटला तर आणखी १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडं जायचं. शिष्यवृत्ती रखडली, निकाल रखडला, फीसाठी कागद दाबला, जातीवरून वागवलं, हे सगळं त्या तक्रारीत बसतं. आणि कागद आज अडवून ठेवला असेल तर तक्रारही आजचीच आहे. "जुनं प्रकरण आहे" म्हणणाऱ्या बाबूला विचारा, कपाट जुनं आहे की कुलूप जुनं आहे?

चौथी गोष्ट सगळ्यात मोठी. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७. कलम १२. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी खर्चानं वकील. बाईला, मग ती कुठल्याही जातीची असो, सरकारी खर्चानं वकील. उत्पन्नाची अट नाही. बीडच्या जिल्हा कोर्टात प्राधिकरणाचं हापीस आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती आहे, हायकोर्टाच्या मराठवाड्यातल्या खंडपीठापर्यंत ही सोय जाते. साध्या कागदावर अर्ज. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, लिहून घेणं त्यांचं काम. फोन करायचा तर १५१००. हे उपकार नाहीत. राज्यघटनेचं कलम ३९-अ आहे.

मग दोस्तांनो, एवढं सगळं असताना आमची पोरगी फडात का?

कारण कायदा आपल्या पायानं चालत येत नाही. त्याला आणावा लागतो, आणि ज्यांच्याकडं आणणारे आहेत त्यांच्या घरी तो वेळेवर जातो. बघा ना. खाजगी शाळांच्या पालकांनी महामारीत फीविरुद्ध संघटना केल्या, वकील लावले. ३ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं राजस्थानच्या प्रकरणात १५ टक्के फी कापली. महाराष्ट्रातले पालक त्याच कोर्टात गेले, आणि १२ ऑगस्ट २०२१ ला आमच्या सरकारनंही १५ टक्क्यांचा निर्णय काढला. बरोबरच केलं त्यांनी. मला त्यांचा राग नाही. मला राग आपला येतो. ज्यांची फी सरकारनंच भरायची, त्यांच्यासाठी आपल्यातलं कोण कोर्टाची पायरी चढलं?

आणि चढलं तर काय होतं तेही बघा. २०२१ मध्ये आयआयटी मुंबईत एका दलित पोराची जागा गेली, कारण पैसे भरताना कार्ड चाललं नाही. मुंबई हायकोर्ट नाही म्हणालं. २२ नोव्हेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं त्याला जागा द्यायला लावली. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या पोराचे १७,५०० रुपये मुदतीत भरले गेले नाहीत, म्हणून धनबादच्या आयआयटीतली जागा गेली. तो गप्प बसला नाही. अनुसूचित जाती आयोग, झारखंडचं विधी सेवा प्राधिकरण, मद्रास हायकोर्ट, सगळीकडं गेला. ३० सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं त्याला आत घातलं. हे दोघं अपवाद आहेत, आयआयटीचं नाव होतं म्हणून पेपरात आले. बीडच्या बी.एस्सी.वालीसाठी पेपर येत नाही. तिच्यासाठी आपण जायचं असतं.

बंदरात एक रीत आहे. आलेला माल ठरलेल्या दिवसांत उचलला नाही, गोदामात पडून राहिला, की दर दिवसाचं डेमरेज चढतं. जागेची किंमत आहे, दिवसाची किंमत आहे. लोखंडाच्या कॉईललासुद्धा दिवसाची किंमत आहे! आमच्या पोरीची चार-पाच वर्षं त्या कपाटात पडून आहेत. त्याचं डेमरेज कोण भरणार? इथं सगळा उलटा हिशेब. माल अडवणारा पैसे मागतो आणि ज्याचा माल अडला तो हात जोडतो.

हात जोडायची सवय सोडा. शिष्यवृत्ती ही भीक नाही. सरकारनं कॉलेजला मागासवर्गीयांकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नका म्हणून सांगितलं आहे. २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट पोरांच्या खात्यात जायला लागला, आणि नवीन खेळ सुरू झाला : खातं आधारला जोडलेलं नसलं की पैसा येत नाही, पैसा येवो न येवो, कॉलेज म्हणतं तू भर. केंद्र राज्याकडं बोट दाखवतं, राज्य पोर्टलकडं, पोर्टल आधारकडं, आधार बँकेकडं. आणि बँकेचा माणूस जेवायला गेलेला असतो.

ज्याचं नाव घेऊन आपण छाती फुगवतो, त्या बाबासाहेबांचं काय झालं होतं? १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. त्यांचं सामान दुसऱ्या बोटीनं येत होतं, ती बोट पाणबुडीनं बुडवली. पण निघण्याआधी त्यांनी एक काम केलं होतं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढं चालवण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. पैसा संपला, बोट बुडाली, हक्क नाही बुडू दिला. १९२० मध्ये ते परत गेले. आपण त्या माणसाचे फोटो घेतले, सवय नाही घेतली.

मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४, सोळा वर्षं माणसं लढली. घरं जळाली, पोचीराम कांबळे मारला गेला. ते नाव आज कमानीवर आहे. आणि त्याच नावाच्या विद्यापीठाखालच्या कॉलेजात त्याच जातीच्या पोरीची टीसी अडते. मग नामांतर कमानीचं झालं की कपाटाचंही व्हायचं आहे?

आपल्या पुढाऱ्यांना हे विचारून बघा. संस्थाचालकाच्या मांडवात बसून जयंतीला त्याच्याच पैशाचा डीजे लावणारे हे लोक. त्यांना टीसीचं सांगितलं की म्हणतात, "साहेबांना फोन करतो." फोन करून सोडवलेली टीसी ही सुटका नाही, ती उचल आहे. निवडणुकीत फेडावी लागते.

म्हणून फोन नको. अर्ज पाहिजे. आणि अर्जाची पोच पाहिजे.

आमच्या माणसानं पिढ्यान् पिढ्या तोंडी विनवण्या केल्या. तोंडी विनवणीचा पुरावा राहत नाही. बाबू तोंडाला भीत नाही, शिक्क्याला भितो. कॉलेजला दोन प्रतीत अर्ज द्या, आवक-जावकच्या टेबलावर एका प्रतीवर सही-शिक्का-तारीख घ्या. घेत नाही म्हणाला तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज समाजकल्याणला टाका : या कॉलेजला, या वर्षाची, किती शिष्यवृत्ती, कोणत्या तारखेला दिली? तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील आहेत. त्या उत्तरात कुणाची बाकी कुणाकडं, ते उघडं पडेल. मग समिती, मग लोकपाल, मग प्राधिकरणाचा वकील घेऊन कोर्ट.

आता तुमच्याकडं येतो. वरळीतल्या, घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या, पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या दोस्तांनो. तुमच्यात एलएल.बी. झालेले आहेत, लॅपटॉपवाले आहेत, इंग्रजीत पत्र लिहिणारे आहेत. विद्रोहाच्या कविता तुम्ही वाचता, टाळ्या देता. माझ्याही कवितेला दिल्या. टाळ्या परत घ्या. त्याऐवजी महिन्यातला एक रविवार द्या. एक टेबल, एक रजिस्टर, एक वकील, केजला, माजलगावला, गेवराईला, अंबाजोगाईला. दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघायच्या आत. ज्याची टीसी अडली त्याचं नाव रजिस्टरात लिहा, त्याचा अर्ज लिहा, त्याच्यासोबत हापिसात जा. वंजाऱ्याचं पोर आलं, मराठ्याचं आलं, मुसलमानाचं आलं तर त्याचाही लिहा. फडात सगळेच कोयते आहेत.

मामाच्या पोरीचा अर्ज मी लिहिला. माझ्या दहावीच्या मराठीत. बाबूनं वाचला, हसला, परत सरकवला. ती हलली नाही. म्हणाली, "पोच द्या." अर्ध्या तासानं शिक्का बसला. टीसी अजून मिळालेली नाही. पण पहिल्यांदा कपाटाच्या बाहेर आमच्या बाजूचा एक कागद आहे, आणि त्याच्यावर तारीख आहे.

असे हजार कागद करा. मग बघू, कुलूप कुणाचं टिकतं.