मानधनाबरोबर शिष्यही द्या

थोर गवई अल्लादियाखाँसाहेब औषधोपचारांसाठी सांगलीला येऊन राहिले, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. एका घरातून मेहनत करणाऱ्या मुलीचा आवाज कानी आला आणि त्यांनी आपण होऊन तिला शिकवायला घेतले. आईचे छत्र हरपलेली ही मुलगी गोव्यातल्या कुर्डीची, मोगूबाई. पुढे 1934 साली त्यांनी तिला रीतसर गंडा बांधला, तेव्हा गुरुजी ऐंशीला टेकले होते. केसरबाई केरकर 1921पासून त्यांच्याकडे शिकत होत्याच. ही तालीम 1946 साली, वयाची नव्वदी गाठून खाँसाहेब गेले तेव्हाच थांबली.

एवढ्या वयाचा गवई काय शिकवणार? खाँसाहेबांपुरते उत्तर त्यांच्या तरुणपणातच आहे. भर उमेदीत अति गाण्याने त्यांचा आवाज बसला. बऱ्याच काळाने परतला तो जड होऊन. पूर्वीचा सहज फिरणारा गळा काही परत आला नाही. मग त्यांनी लयीला हाताशी धरले. तान मोकाट सोडायची नाही, मात्रेच्या पोटातून वळवत, दमसास राखत समेवर आणायची. अनवट जोडरागात दोन रागांचा सांधा दिसू द्यायचा नाही. जयपूर-अत्रौली गायकी म्हणून आपण जिला मान देतो, ती या गेलेल्या आवाजाच्या जागी उभी राहिली. निसर्गाने दिलेले गेले तरी कमावलेले कसे टिकवायचे, हे ज्याने स्वतः भोगले तोच शिकवू शकतो. तरुण, तयारीचा गुरू गळा दाखवतो. थकलेल्या गुरूला ते जमत नाही. जागा नेमकी कुठे चुकली, एवढेच तो सांगतो आणि शिष्याला ती स्वतः शोधावी लागते. माझ्या मते ही तालीम अधिक खोल जाते.

खाँसाहेबांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण नाही. नट-कामोद, बसंती-केदार यांसारखे जोडराग आज ऐकायला मिळतात ते उतारवयातल्या या शिकवण्यांमुळे, आणि मंजीखाँ-भुर्जीखाँ या त्यांच्या मुलांनी मल्लिकार्जुन मन्सूरांसारख्यांना दिलेल्या तालमीमुळे.

खाँसाहेबांना आश्रय दिला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. त्यांच्याच नावाने राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना दरमहा 5,000 रुपये मानधन देते. ही रक्कम वाढायलाच हवी. पण कीर्तनकार, शाहीर, सुंद्रीवादक, दशावतारी यांच्या घरी महिन्याला पैसे पोहोचतात आणि शिकणारा कोणी पोहोचत नाही, याची खंत रकमेपेक्षा मोठी आहे. ढोलकीवरची एखादी जुनी चाल वाजवणारा एकच हात उरला असेल, तर त्या हाताला नुसता औषधाचा खर्च देऊन भागणार नाही.

विभागीय सांस्कृतिक केंद्रांकडे गुरु-शिष्य योजना आहे, जिल्ह्यांकडे मानधनाच्या याद्या आहेत. या दोन्हींची सांगड घालणे अवघड नाही. यादीतल्या ज्या कलावंताची शिकवण्याची तयारी आहे, त्याच्याकडे निदान दोन वर्षांसाठी एक शिष्य पाठवावा. त्या शिष्याला जगता येईल एवढी विद्यावृत्ती द्यावी. आणि हे पुढच्या अर्थसंकल्पाची वाट न पाहता सुरू व्हावे; यादीतली नावे दरवर्षी कमी होत आहेत.