विश्लेषण : पहिल्याच हंगामात अजिंक्य ठरलेला ‘पुणे मराठाज’ विस्मरणात का गेला?

देवगाव फाटा (जि. परभणी) : पोलीस भरतीची चाहूल लागली की मराठवाड्यातील फाट्याफाट्यांवर पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसू लागतात. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक हे त्यांचे रोजचे गणित. अशा काटक मुलांना उद्या एखाद्या नव्या व्यावसायिक लीगने बोलावले, तर त्यांनी जावे का? महाराष्ट्राच्या नावाने खेळलेल्या एका अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगाम याबाबत बरेच सांगून जातो.

काय होती ही लीग?

‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ची घोषणा २०११ मध्ये झाली. अमेरिकेतील माजी खेळाडू कर्ट वॉर्नर, प्रशिक्षक माइक डिटका आणि अभिनेता मार्क वॉलबर्ग अशी मोठी नावे तिच्या पाठीशी होती. पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स असे शहरांच्या नावांचे संघ तयार झाले. २०१२ च्या पहिल्या हंगामाचे सामने मात्र कोलंबोत चित्रित झाले आणि नंतर दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आले. अंतिम सामन्यात पुण्याने दिल्लीला ६-० असे हरवले. पुढे ही लीग दरवर्षीच्या नियमित हंगामाच्या रुळावर आलीच नाही.

हा खेळ नेमका कसा?

नावात फुटबॉल असला, तरी चेंडू बहुतांश वेळ हातातच असतो. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू आणि १०० यार्डांचे, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांबीचे मैदान. चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की ‘टचडाऊन’चे ६ गुण, तर लाथेने खांबांमधून पार केला की ३ गुण. हेल्मेट आणि खांद्यांच्या संरक्षक पॅडशिवाय मैदानात उतरता येत नाही, कारण धडक हाच खेळाचा गाभा आहे.

घोडे कुठे अडले?

पुण्याचा संघ अजिंक्य ठरला, पण पुणेकरांनी तो आपल्या मैदानावर खेळताना पाहिलाच नाही. गल्लीत हा खेळ नाही, शाळेत नाही, तालुका-जिल्हा स्पर्धांत नाही. प्रेक्षक तयार होण्याआधीच प्रक्षेपणाची तयारी झाली. पाया न घालता कळस चढवण्याचाच हा प्रकार होता.

याउलट पुण्याचाच दुसरा संघ पाहा. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या हंगामात पुणेरी पलटण तळाला होता. तोच संघ दहाव्या हंगामात, मार्च २०२४ मध्ये विजेता ठरला. मधल्या काळात संघ टिकला, कारण कबड्डीची मैदाने, मंडळे आणि जाणकार प्रेक्षक गावोगावी आधीपासून होते. एक संघ पहिला येऊनही विसरला गेला, दुसरा शेवटचा येऊनही उभा राहिला. पहिल्या हंगामातील गुणतक्त्यावरून संघाचे भवितव्य ठरत नाही, ते ठरते त्याच्यामागे उभ्या असलेल्या गावावरून.

खुद्द अमेरिकेतही हेच दिसते. ‘ग्रीन बे पॅकर्स’ हा संघ १९१९ मध्ये स्थापन झाला. ग्रीन बे शहराची लोकसंख्या जेमतेम एक लाखाच्या घरात, म्हणजे परभणी शहराच्या सुमारे एक तृतीयांश. तरीही शंभर वर्षांनंतर संघ दिमाखात खेळतो आहे. त्याचे भागधारक सामान्य चाहते आहेत. मालक उठून गेला आणि संघ बुडाला, असे तिथे होत नाही.

आता पुढे काय?

या खेळाचा धडकेविना खेळला जाणारा प्रकार, फ्लॅग फुटबॉल, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये असेल. हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनातच झाला. पाच-पाच खेळाडूंचा हा खेळ. प्रतिस्पर्ध्याला पाडायचे नाही, त्याच्या कमरेची पट्टी ओढायची. महागडे हेल्मेट-पॅड लागत नाहीत, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावरही तो सुरू करता येईल. रुजवायचे असेल, तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

तोवर नव्या लीगचे बोलावणे आलेल्या खेळाडूने आणि त्याच्या पालकांनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. करार लेखी आणि किती वर्षांचा आहे? दुखापत झाल्यास उपचार आणि विम्याचा खर्च कोण करणार? सामने कुठे होणार आणि दुसऱ्या हंगामासाठी पैशांची तरतूद आहे का? सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी या स्पर्धेचे प्रमाणपत्र चालेल का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. भरतीसाठी धावणाऱ्या मुलाचे एक वर्ष वाया गेले, तर वयोमर्यादा त्याच्यासाठी थांबत नाही. नव्या खेळाचे स्वागत जरूर व्हावे, पण फसलेल्या प्रयोगाची किंमत एकट्या खेळाडूने मोजू नये.