विश्लेषण : अमेरिकन फुटबॉलमधील ‘लाइनमन’ची कारकीर्द मेंदूवर का बेतते?

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवरील एका गगनचुंबी इमारतीत २७ वर्षांच्या तरुणाने गोळीबार करून चौघांचा बळी घेतला आणि नंतर स्वतःला संपवले. याच इमारतीत नॅशनल फुटबॉल लीग अर्थात ‘एनएफएल’चे मुख्यालय आहे. हा तरुण एनएफएलमध्ये कधीच खेळला नव्हता, शाळेत असताना मात्र फुटबॉल खेळला होता. आपल्याला ‘सीटीई’ हा मेंदूचा आजार आहे, माझा मेंदू तपासा, असे त्याच्याजवळ सापडलेल्या चिठ्ठीत लिहिले होते. त्याच चिठ्ठीत एका जुन्या खेळाडूचे नाव होते, टेरी लाँग. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यकीय तपासनीसांनी तरुणाच्या मेंदूत प्राथमिक अवस्थेतील सीटीई आढळल्याचे जाहीर केले. गोळीबार त्या आजारामुळेच झाला, असे यातून सिद्ध होत नाही. पण हा लाँग कोण, हे शोधायला गेले की गोष्ट पिट्सबर्ग शहरात आणि ‘लाइनमन’ नावाच्या, प्रेक्षकांना फारशा न दिसणाऱ्या कामापाशी पोहोचते.

लाइनमन नेमके काय करतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चढाई करणाऱ्या संघातले पाच जण अगदी पुढे, रांगेत वाकून उभे राहतात : मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. सेंटर चेंडू पायांमधून मागे क्वार्टरबॅककडे देतो आणि त्याच क्षणी हे पाचही जण समोरून येणाऱ्या धिप्पाड खेळाडूंना अंगावर घेतात. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, एवढेच त्यांचे काम. गुण त्यांच्या नावावर लागत नाहीत. कॅमेरा चेंडूमागे जातो, यांच्यामागे नाही. दहीहंडीत सगळ्यांचे लक्ष वरच्या गोविंदाकडे असते आणि भार सोसतो खालचा थर, तसेच हे.

एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला साधारण ६० ते ७० वेळा चढाई येते. म्हणजे लाइनमनची तितक्या वेळा टक्कर. सराव वेगळाच.

माइक वेबस्टरचे काय झाले?

विस्कॉन्सिनच्या माइक वेबस्टरला पिट्सबर्ग स्टीलर्सने १९७४ मध्ये पाचव्या फेरीत घेतले. इतक्या उशिरा निवड झालेल्या खेळाडूकडून फार अपेक्षा नसतात. वेबस्टर मात्र १७ हंगाम आणि २४५ सामने खेळला. त्यातले पहिले १५ हंगाम स्टीलर्सकडून, शेवटचे दोन कॅन्सस सिटीकडून. चार सुपर बोल जिंकले. ‘आयर्न माइक’ हे नाव पडले ते सलग १५० सामन्यांत पहिल्या क्षणापासून मैदानात उतरल्यामुळे. सगळे सामने तो पूर्ण खेळला नसेल असे धरले, तरी ढोबळ हिशेबाने दहा हजारांहून जास्त टकरा होतात. त्यातही त्याच्या सुरुवातीच्या काळात प्रतिस्पर्ध्याच्या हेल्मेटवर उघड्या हाताने फटका मारणे नियमात बसत होते. त्यावर बंदी आली १९७७ मध्ये.

१९९० नंतर हा माणूस विस्कटत गेला. विसरायला लागला, पैसे आणि संसार हातचे गेले, कधी रेल्वे स्थानकात तर कधी स्वतःच्या पिकअप ट्रकमध्ये झोपायचा. झोप येण्यासाठी विजेच्या झटक्याची बंदूक स्वतःवर चालवायचा. १९९७ मध्ये त्याचा ‘हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला, तेव्हाही त्याची अवस्था जवळच्यांना ठाऊक होती. २४ सप्टेंबर २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ५०.

पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदन करणारे नायजेरियन वंशाचे डॉ. बेनेट ओमालू यांना वरवर पाहता मेंदू ठीकठाक दिसला. तरीही त्यांनी तो राखून ठेवला आणि पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ‘टाऊ’ या प्रथिनाच्या गाठी दिसल्या. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजेच सीटीई. बॉक्सिंगपटूंमध्ये असा विकार १९२८ पासून माहीत होता. एनएफएल खेळाडूत तो असल्याचा शोधनिबंध २००५ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी टेरी लाँगने आयुष्य संपवले. तोही स्टीलर्सचा लाइनमन, आणि १९८४ ते ८८ या काळात वेबस्टरचा सहकारी. त्याआधी २००४ मध्ये स्टीलर्सचाच आणखी एक लाइनमन, जस्टिन स्ट्रझेल्चिक, ३६ व्या वर्षी मोटार अपघातात गेला होता. दोघांच्याही मेंदूत सीटीई सापडला.

हेल्मेट असताना इजा कशी?

एसटी बसने करकचून ब्रेक मारला की बस थांबते, पण आतला प्रवासी पुढे जातो. हेल्मेटचेही तसेच आहे. कवटी फुटू नये म्हणून ते बनवले आहे. कवटीच्या आत द्रवात असलेल्या मेंदूचे हलणे, पिळवटणे ते पूर्ण थांबवू शकत नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकलेला जडत्वाचा नियम इथे निर्दयपणे लागू होतो.

आपण टीव्हीवर पाहतो तो खेळाडू बेशुद्ध पडण्याचा प्रसंग, म्हणजे ‘कन्कशन’. लाइनमनच्या बाबतीत बहुतेक टकरा इतक्या जोराच्या नसतात. तो उठतो आणि पुढच्या टकरीला तयार होतो. पण ६३१ फुटबॉल खेळाडूंच्या मेंदूंवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की कन्कशन किती वेळा झाले यावरून सीटीईचा अंदाज येत नाही. डोक्याने कारकीर्दभर एकूण किती मार सोसला, यावरून येतो. लाइनमनसाठी याचा अर्थ सरळ आहे. त्याला धोका अपघाताचा नाही, रोजच्या कामाचा आहे.

एनएफएलने काय भूमिका घेतली?

आधी नकाराची. लीगने नेमलेल्या समितीच्या सदस्यांनी ओमालू यांचा निबंध मागे घेण्याची मागणी केली. गंमत म्हणजे, १९९९ मध्येच लीगच्या निवृत्तिवेतन मंडळाने वेबस्टरला डोक्याच्या इजेमुळे आलेल्या अपंगत्वाचा लाभ मंजूर केला होता. तो कोणत्या तारखेपासून, यावर कज्जा चालला आणि २००६ मध्ये अपील न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला, वेबस्टर गेल्यावर चार वर्षांनी. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर मान्य केला तो थेट मार्च २०१६ मध्ये.

दरम्यान, हजारो माजी खेळाडूंच्या दाव्यांवर २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली, पुढे ही मर्यादाही काढली गेली. त्यातली एक मेख वाचण्यासारखी आहे. सीटीईसाठी भरपाई एप्रिल २०१५ मध्ये तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळण्यापूर्वी मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांनाच. जिवंत खेळाडूंना स्मृतिभ्रंश, अल्झायमर, पार्किन्सन, एएलएस यांसाठी पैसे मिळतात, सीटीईसाठी नाही. कारण या आजाराचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच होते. शिवाय चाचणीचे गुण ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक क्षमता कमी धरली जात होती. २०२१ मध्ये ओरड झाल्यावर ते बंद करण्याचे लीगने कबूल केले.

जॉन उर्शेलने २६ व्या वर्षीच खेळ का सोडला?

बाल्टिमोर रेव्हन्सचा गार्ड जॉन उर्शेल हाही वेबस्टरप्रमाणे पाचव्या फेरीतला, २०१४ चा. फरक एवढाच की तो गणितात पदव्युत्तर पदवी घेऊन आला होता आणि खेळता खेळता एमआयटीमध्ये पीएचडी करू लागला. ऑगस्ट २०१५ मध्ये सराव शिबिरात त्याला कन्कशन झाले आणि काही काळ वरच्या पातळीचे गणित जमेना, असे त्याने स्वतः सांगितले. तरीही तो आणखी दोन हंगाम खेळला.

२५ जुलै २०१७ रोजी एक अभ्यास आला. एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ जणांच्या मेंदूंपैकी ११० मध्ये सीटीई. दान केलेले मेंदू बहुधा त्रास असलेल्यांचेच असतात, त्यामुळे ‘९९ टक्के खेळाडूंना सीटीई’ असा अर्थ काढणे चूक ठरेल. दोन दिवसांनी उर्शेलने निवृत्ती जाहीर केली. कारण म्हणून त्याने पूर्णवेळ शिक्षण आणि येऊ घातलेले बाळ यांचा उल्लेख केला. आज तो एमआयटीमध्ये गणित शिकवतो. त्याच्यापुढे आकडे होते आणि दुसरा रस्ताही होता. वेबस्टरकडे यातले एकही नव्हते. आज ज्या लाइनमनकडे आकडे आहेत पण दुसरा रस्ता नाही, त्याचा निर्णय सर्वात अवघड.

आता काय बदलले?

कडक सरावांची संख्या २०११ पासून मर्यादित आहे. २०२२ पासून सराव शिबिरात लाइनमनना हेल्मेटवर मऊ आवरणाची ‘गार्डियन कॅप’ सक्तीची झाली. २०२४ पासून ती सामन्यातही चालते. दुसरीकडे २०२१ मध्ये हंगाम १६ वरून १७ सामन्यांचा झाला आणि १८ सामन्यांची चर्चा सुरू आहे, म्हणजे टकरा वाढणारच.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ‘फ्लॅग फुटबॉल’ पदार्पण करणार आहे. संघात पाचच खेळाडू, अंगावर जाणे नाही, कमरेची पट्टी ओढली की चढाई संपली. एनएफएलच्या संघमालकांनी मे २०२५ मध्ये आपल्या खेळाडूंना त्यात भाग घेण्याची परवानगी दिली. समोरच्याला अडवायलाच मनाई असलेल्या या खेळात लाइनमन ही जागाच नाही.