सामायिक यंत्र आणि त्याचे तुरुंग

शाळा, बँका आणि पतपेढ्या यांचे हिशेब आता ‘सर्व्हर’ नावाच्या सामायिक संगणकावर असतात. एकाच यंत्रावर शेकडो माणसे काम करतात. म्हणून कोणी कोणता कार्यक्रम चालवावा यास बंधन घालावेच लागते. गावच्या विहिरीवर एकानेच दिवसभर पंप लावला, तर शेजाऱ्याच्या वाडीस पाणी कोठून मिळणार?

या बंधनाची एक जुनी युक्ती १९७९ साली ‘युनिक्स’ प्रणालीत आली. कार्यक्रमास एका कोठडीत ठेवावयाचे आणि ‘हेच सारे घर’ असे भासवावयाचे. साध्या कार्यक्रमास ते पुरे होई. परंतु ज्यास यंत्राचे सर्वाधिकार असत, तो कोठडी फोडून बाहेर येऊ शके. पुढे २००० साली ‘फ्रीबीएसडी’ प्रणालीने जी सोय दिली, तिचे नावच ‘जेल’. तिचे वैशिष्ट्य असे की, आतील सर्वाधिकाऱ्याचे अधिकारही त्या भिंतींपुरतेच राहतात.

तुरुंग म्हटला की उज्जैनच्या भैरवगढचे स्मरण होते. क्षिप्रेच्या काठची ही वस्ती काळभैरवाच्या मंदिरासाठी आणि कापडावरील छपाईसाठी प्रसिद्ध आहे. तेथे मध्यवर्ती कारागृहही आहे. २०२३ च्या मार्च महिन्यात त्या कारागृहाचे नाव निराळ्याच कारणाने वृत्तपत्रांत झळकले. तेथील कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून खोट्या मागण्यांद्वारे दहा कोटींहून अधिक रक्कम काढल्याचा आरोप झाला. तत्कालीन अधीक्षकांनाही अटक झाली. आरोप सिद्ध करणे हे न्यायालयाचे काम. आपण त्याविषयी मत देऊ नये. मात्र निवृत्तीसाठी साठविलेला पैसा गेल्याचे समजले, तेव्हा त्या पहारेकऱ्यांच्या घरी काय झाले असेल, याची कल्पना आपणांस सहज करता येईल. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या कुलपांवर लक्ष ठेवले, त्यांच्याच तिजोरीला कुलूप नव्हते!

सॉल्ट्झर आणि श्रोडर या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच दोन नियम मांडले होते. प्रत्येकास कामापुरताच अधिकार द्यावा, हा पहिला. महत्त्वाचे कुलूप दोन किल्ल्यांनी उघडावे आणि त्या दोन निरनिराळ्या माणसांकडे असाव्यात, हा दुसरा. मागणीपत्र करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा, ही कचेरीची रीत त्यातलीच. पण साहेबांचा परवलीचा शब्द कारकुनाच्या वहीत लिहून ठेवलेला असेल, तर दोन किल्ल्या एकाच खिशात आल्या म्हणावयाचे. आमच्या मते हा दोष यंत्राचा नसून सवयीचा आहे, आणि आपल्याकडील पुष्कळ कचेऱ्यांत तो सौजन्य म्हणून चालतो. ‘साहेबांवर अविश्वास कसा दाखवावा?’ असे विचारणाऱ्यांनी ‘जेल’ची रचना पाहावी. तिच्यात सर्वाधिकाऱ्यालाही भिंत आहे, आणि त्यात त्याचा अपमान कोणी मानीत नाही.

आपल्या पतपेढीच्या पुढील वार्षिक सभेत एवढे विचारावे: यंत्रात पैसे काढण्याची नोंद कोण करतो, तिला मंजुरी कोण देतो, आणि त्या दोघांचे परवलीचे शब्द आणखी कोणास ठाऊक आहेत?